मी जाऊन यायचे

आमच्या घरात कमावती माणसं तीन होती, पण नोकरी दोघांचीच होती. नवरा नोकरीला जायचा. दीर कंपनीत होता. आणि मी जाऊन यायचे.

हे वाक्य माझं नाही, सासूबाईंचं आहे. दारावर भाजी विकायला येणारी असो की गावाकडून आलेले पाहुणे असोत, घरातल्या माणसांची ओळख त्या ठरलेल्या शब्दांत करून द्यायच्या. "थोरला वीज खात्यात नोकरीला हाय. धाकटा वाळूजला कंपनीत हाय. आन् ही छावणीकडं कॉलेजात जाऊन येती." दळण टाकून येती, देवाला जाऊन येती, तशी कॉलेजात जाऊन येती. मी अकरावी-बारावीला मराठी शिकवत होते आणि व्याकरण माझ्या आवडीचं, त्यामुळं क्रियापद चुकलं की माझ्या कानाला लगेच टोचायचं. नोकरीला जाणारा माणूस तिकडं काहीतरी करतो. जाऊन येणारी बाई फक्त जाते आणि येते. मधल्या वेळात मी वर्गभर पोरांपुढं उभी राहून घसा कोरडा करत होते, ते कुणाच्या खिजगणतीत नव्हतं.

आपल्याकडं घरातून निघताना 'जाते' म्हणत नाहीत, 'येते' म्हणतात. वैजापूरला माहेरी माझ्या तोंडून चुकून 'जाते' निघालं, तर आई उंबऱ्यातून परत बोलवायची, 'येते' म्हणवून घ्यायची आणि मग सोडायची. नियम तसा पुरुषालाही आहे, पण तो विसरला तर हसून सोडून देतात. बाई विसरली तर ती परत येईपर्यंत घराला चैन नाही. मला तेव्हा तो एक साधा संस्कार वाटायचा. नोकरी करायला लागले तेव्हा कळलं की बाईच्या नोकरीचं सगळं शास्त्र या एका शब्दात भरलेलं आहे. बाईनं खुशाल कुठंही जावं, पण ती गेली आहे असं घरी कुणाला वाटता कामा नये.

लग्न होऊन औरंगाबादला आले, तेव्हा शहराचं नाव तेच होतं. माझं एम.ए., बी.एड. झालेलं होतं. छावणीच्या बाजूला एका संस्थेचं कनिष्ठ महाविद्यालय होतं, तिथं मराठीच्या दोन अर्धवेळ जागा निघाल्या. मुलाखत संस्थेच्या सचिवांनी घेतली. गृहस्थ मूळचे कापसाच्या व्यापारातले, आणि शिक्षकाकडंही ते ओला आहे की कोरडा आहे अशाच नजरेनं बघायचे. त्यांनी मला यजमान काय करतात, मुलंबाळं किती, सासू जवळ असते का, हे विचारलं. मराठीबद्दल अवाक्षर काढलं नाही. काढलं असतं तर पुढचा प्रश्न त्यांना सुचला नसता.

माझ्यानंतर पैठणकडचे एक तरुण सर आत गेले. दार उघडंच होतं, त्यामुळं मला सगळं ऐकू येत होतं. त्यांना विचारलं, पुढचा काय विचार आहे, पीएच.डी. करणार का, की आणखी कुठं चांगलं मिळालं तर आम्हाला सोडून जाणार? मला कुणी हे विचारलं नव्हतं. मी सोडून जाईन अशी भीती कुणाला वाटत नव्हती, आणि मी राहावं अशी इच्छाही नव्हती. आम्हा दोघांनाही घेतलं. सचिव त्या पैठणच्या सरांना म्हणाले, "सध्या अर्धवेळ धरा, पुढं बघू." मग माझ्याकडं वळून म्हणाले, "मॅडम, तुमची सोय झाली. अर्धा दिवस इकडं, अर्धा दिवस घर."

जागा सारखी, काम सारखं, पगारही सारखाच. पण सरांसाठी ती पायरी होती आणि माझ्यासाठी सोय. पायरीवरून माणूस वर चढतो. सोय झालेल्या माणसानं मात्र गप्प बसायचं असतं, आणखी काही मागितलं की तो कृतघ्न ठरतो.

अर्धवेळ म्हणजे अर्धा वेळ, असं शब्दकोशात असेल. आमच्या वेळापत्रकात तसं नव्हतं. सरांचे तास सकाळी ओळीनं लावलेले, कारण त्यांना पैठणची एसटी गाठायची असायची. माझा एक तास पहिला आणि एक शेवटचा. मी तक्रार केली तर प्राचार्य म्हणाले, "तुमचं काय मॅडम, तुमचं घर जवळ आहे." घर जवळ आहे म्हणून मी दिवसभर कॉलेजात, आणि घर लांब आहे म्हणून सर दुपारीच मोकळे. सर पैठणला जाऊन शिकवण्या घ्यायचे आणि त्यांच्या गावात ते प्रोफेसर होते.

मधल्या रिकाम्या वेळात मॅडम रिकाम्या बसू नयेत, याची काळजी संस्था घ्यायची. अध्यक्ष येणार म्हटलं की फाटकापासून रांगोळी. गॅदरिंगला मुलींना नऊवारी नेसवणं, पाहुण्यांना ओवाळणं, ईशस्तवनाला पोरी गोळा करणं आणि वर सूत्रसंचालन. 'मराठीच्या मॅडम आहेत ना' असं म्हटलं की विषय संपायचा. पैठणचे सरही मराठीचेच होते, पण त्यांना रांगोळी काढायला कुणी सांगितलं नाही. गाढव मेलं ओझ्यानं आणि शिंगरू मेलं हेलपाट्यानं म्हणतात. आमच्या विभागात ओझं आणि हेलपाटे दोन्ही माझ्याकडं होते.

स्टाफरूममध्ये माझ्या शेजारी हिंदीच्या मॅडम बसायच्या. शहागंजच्या, वयानं माझ्या आईएवढ्या. त्या लागल्या तेव्हाही अर्धवेळ होत्या आणि आता निवृत्तीला आल्या तरी अर्धवेळच होत्या. दरम्यान त्यांच्यामागून आलेले दोन पुरुष पूर्णवेळ झाले, त्यातला एक आमचा प्राचार्य झाला. त्या डब्यातली खिचडी माझ्या पुढ्यात सरकवत म्हणायच्या, "हौ बेटी, अपन तो यहाँ मेहमान हैं. मेहमान को कौन कुछ पूछता? चाय पिला देते, बस." त्या हसून बोलायच्या. पण त्यांच्या खुर्चीत मला माझी पुढची सगळी वर्षं बसलेली दिसायची.

आता ब्रेकचं सांगते, कारण खरी गंमत तिथं होती. माझी नेमणूक एका सत्रापुरती असायची. परीक्षा संपल्या की ती संपायची आणि कॉलेज उघडलं की नव्यानं मिळायची. दिराचंही तसंच. तो वाळूजच्या एका कंपनीत टेंपररी होता. काही महिने भरले की कंपनी त्याला घरी बसवायची, म्हणजे त्याला कायमचा हक्क सांगता येऊ नये, आणि मग पुन्हा बोलवायची. दोघांच्याही नोकरीला एकच रोग होता.

पण दिराला ब्रेक मिळाला की घरावर सुतक यायचं. रेडिओचा आवाज लहान व्हायचा. तो उठेपर्यंत कुणी भांडं आपटायचं नाही. सासूबाई त्याच्या ताटात आपल्या वाटचं दही घालायच्या आणि म्हणायच्या, "नको मनाला लावून घेऊस, बोलावतेल परत." नवरा ऑफिसातून येताना त्याच्यासाठी जिलबी आणायचा. घरी बसलेला माणूस दमलेला असतो हे मला तिथं कळलं.

मला ब्रेक मिळाला की दुसऱ्या दिवशी उडदाचं पीठ भिजायचं. "आता तू घरीच हायेस, तर पापड उरकून घेऊ." पापड झाले की कुरडया, कुरडया झाल्या की शेवया, मग वर्षाचं तिखट. नणंदाही नेमक्या तेव्हाच माहेरपणाला यायच्या, कारण वहिनी मोकळी असायची. माझी नोकरी गेली आहे हे त्या घरात कुणाच्या लक्षातही यायचं नाही. एका वर्षी मी म्हटलं, "आत्याबाई, मलापण ब्रेकच मिळालाय, भाऊजींना मिळतो तसा." सासूबाईंनी लाटणं थांबवलं आणि माझ्याकडं खरोखर नवलानं बघितलं. "त्याचं निराळं हाय बाई," त्या म्हणाल्या. "त्याची नोकरी जाती. तुझं फकस्त जाणं-येणं थांबतंय." बोलण्यात खोच अजिबात नव्हती. त्यांना ते तसंच दिसत होतं.

दर उन्हाळ्यात पापड वाळले की मी चार दिवस वैजापूरला जायचे. वडील स्टँडवर घ्यायला यायचे. घरची शेती थोडी, पण कांद्याचे पैसे आले की आधी माझी फी भरणारा माणूस. पिशवी हातात घेतली की त्यांचा पहिला प्रश्न, "झालीस का पक्की?" आमच्याकडं कायम नोकरीला पक्की म्हणतात. घर पक्कं, रस्ता पक्का, तशी नोकरी पक्की. मी म्हणायचे, "अजून नाही." मग ते मार्केट यार्डापर्यंत कांद्याच्या भावाचं सांगत राहायचे. मला पक्कं व्हायचं होतं ते पगारासाठी होतंच, नाही कशाला म्हणू. पण त्याहून जास्त मला एकदा कुणीतरी 'ती नोकरीला आहे' असं म्हणावं, एवढंच हवं होतं.

तशी वेळ आली. आमच्या कॉलेजला अकरावीची आणखी एक तुकडी मिळाली, तास वाढले आणि मराठीची एक जागा पूर्णवेळ झाली. दुसरी अर्धवेळ जागा रद्द. म्हणजे दोघांपैकी एक पक्का होणार आणि दुसऱ्याला तासिकेवर जावं लागणार. तासिका म्हणजे जेवढे तास घ्याल तेवढ्याचेच पैसे, सुटी लागली की तेही नाहीत.

बातमी आली त्याच दिवशी सगळ्यांनी सरांचं अभिनंदन करून टाकलं. अजून जाहिरात नव्हती, अर्ज नव्हते, मुलाखत नव्हती. मी प्राचार्यांकडं अर्जाचं विचारायला गेले तर त्यांचा चेहरा पडला. "तुम्ही पण करणार आहात?" ते म्हणाले. "पण सर आहेत ना." मी म्हटलं, "मीही आहे." त्यावर ते मला प्रेमानं समजावू लागले. सरांवर घर आहे. बहीण लग्नाची आहे. वडील थकलेत. "तुमच्यावर काय आहे मॅडम? उलट तुमचंच ओझं यजमानांवर आहे." माझं ओझं! दोन्ही वेळचा स्वयंपाक, सासरे गेल्यापासून सासूबाईंचं दुखणंखुपणं, दिराचे डबे, नळाचं पाणी, आणि ते सगळं करून आणलेला माझा पगार जो घरात 'तेवढाच हातभार' म्हणून जमा व्हायचा. या सगळ्याला मराठीत ओझं म्हणतात आणि ते मी नवऱ्यावर टाकलेलं आहे, हे मला प्राचार्यांकडून कळलं.

घरी सांगितलं तर नवरा म्हणाला, "बघ तुला काय करायचं ते." आमच्या घराण्यात नाही म्हणायची ही सभ्य पद्धत आहे. मग थोड्या वेळानं म्हणाला, "पूर्णवेळ म्हणजे घराचं कसं?" मी म्हटलं, "तुमच्या पूर्णवेळेत कसं होतं?" त्यानं पेपर उघडला.

पैठणचे सर स्वतः मला स्टाफरूममध्ये येऊन भेटले. माणूस वाईट नव्हता, म्हणूनच जास्त राग येतो. म्हणाले, "मॅडम, तुमच्यात आन् माझ्यात काय भांडण नाय. पण तुम्ही हौस म्हणून करताय, माझं पोट हाय." मी विचारलं, "हौस आहे हे कुणी सांगितलं?" ते गोंधळले. "नाय म्हणजे, तुमचे मिस्टर पक्के हायेत ना." हिंदीच्या मॅडम सगळं ऐकत होत्या. सर गेल्यावर त्यांनी माझा हात धरला. "अर्जी देना बेटी. हारी तो हारी. मैंने नहीं दी थी, वो याद आता मेरेकू." मी त्याच दुपारी अर्ज दिला.

मुलाखतीच्या दिवशी नळ होता. या शहराला ज्यानं पाणी दिलं त्यानं घड्याळ दिलं नाही. जायकवाडीत समुद्रासारखं पाणी आणि आमच्या नळाला एक दिवसाआड धार, तीही उन्हाळ्यात मनात येईल तेव्हा. नळाच्या दिवशी आमच्या गल्लीतली एकही बाई घर सोडायची नाही. टाक्या, हंडे, बादल्या, पाइप, सगळी फौज तयार. कॉलेजातही हे मान्य होतं. 'मॅडमचा नळ आहे' म्हणून माझा तास पुढंमागं व्हायचा आणि वर 'बायकांचं हे असंच' हेही ऐकवलं जायचं. सरांच्या घरीही नळ असेलच. पण सरांचा नळ असा काही प्रकार नव्हता.

मी इस्त्रीची साडी नेसून निघाले तर सासूबाई पाइप हातात घेऊन दारात. "आज नळ यायचाय, ठावं हाय ना? आन् तू जाऊन येणार व्हय?"

मी म्हटलं, "आज मुलाखत आहे आत्याबाई. कधीची सांगतेय. भाऊजी घरीच आहेत."

दीर ब्रेकवर होता. पलंगावर आडवा पडून पंख्याकडं बघत होता. त्याला म्हटलं, "भाऊजी, नळ आला की टाकी भरून घ्या." त्यानं माझ्याकडं असं बघितलं की जणू मी त्याला बाळंतपण करायला सांगितलंय. सासूबाई लगेच मधे पडल्या. "त्याला नको लावूस. तो आधीच तरासलाय लेकरू." लेकराला मिशा होत्या. मी "येते" म्हटलं आणि निघाले.

मुलाखतीला अध्यक्ष, सचिव, प्राचार्य आणि बाहेरून आणलेले एक विषयतज्ज्ञ बसले होते. विषयतज्ज्ञ खिडकीतून लिंबाच्या झाडाकडं बघत होते आणि शेवटपर्यंत बघत राहिले. अध्यक्षांनी सुरुवात केली.

"यजमान वीज खात्यात ना?"

"हो."

"पक्के?"

"पक्के."

"मग?"

त्या 'मग'चं उत्तर मला एम.ए.ला कुणी शिकवलं नव्हतं. मी म्हटलं, "त्यांची नोकरी पक्की आहे. मी माझ्या नोकरीसाठी आले आहे."

सचिव खुर्चीत मागं रेलले. "तसं नाही मॅडम. एका घरात दोन पूर्ण पगार आणि दुसऱ्या घरात अर्धा, हे बरं दिसतं का? संस्थेला न्याय बघावा लागतो."

"न्याय बघायचा तर शिकवणं बघा," मी म्हटलं. "माझ्या वर्गाचा निकाल बघा, पोरांना विचारा. आणि उद्या सरांची बायको नोकरी मागायला आली, तर तिलाही तुम्ही हेच विचाराल. नवरा पक्का आहे ना, मग?"

अध्यक्षांनी हातातला कागद खाली ठेवला. मला वाटलं, लागलं कुठंतरी. मग सचिव मोठ्यानं हसले आणि अध्यक्षांकडं वळून म्हणाले, "मॅडम बोलतात छान. सूत्रसंचालन उगाच नाही देत आपण त्यांना." सगळे हसले, विषयतज्ज्ञसुद्धा. "बरं, या मॅडम. आणि जाता जाता जरा चहाचं सांगा."

माझ्या तोंडून "हो" गेलं. एवढ्या वर्षांची सवय. बाहेर आले आणि शिपायाला चहा सांगितलाही. मग सर आत गेले आणि त्यांच्यामागून शिपाई ट्रे घेऊन गेला. मी सांगितलेला चहा माझ्या मुलाखतीला नव्हता, तो त्यांच्या मुलाखतीला होता. आतून बशा वाजल्याचा आवाज येत होता, कुणीतरी सरांना 'घ्या, घ्या' म्हणत होतं. तिथंच निकाल लागला. पुढचं फक्त कागदावर यायचं होतं.

घरी आले तर नळ येऊन गेला होता. दिरानं आपल्यापुरती बादली भरून अंघोळ केली होती आणि पुन्हा आडवा झाला होता. टाकी कोरडी. सासूबाई म्हणाल्या, "त्याला कुठं जमतंय गं ते." मी साडी न बदलता हंडा घेतला आणि गल्लीच्या टोकाला हापशावर गेले. तिथं रांग होती. रांगेत सगळ्या बायकाच होत्या. एकीनं विचारलं, "काय वहिनी, आज इस्त्रीची साडी? कुठं जाऊन आलात?" मी हंडा पुढं सरकवला. बोलले असते तर रडले असते, आणि हापशाच्या रांगेत रडणं मला परवडणारं नव्हतं, माझा नंबर गेला असता.

आठवडाभरात निकाल कळला. सर पेढे घेऊन आले. पेढा माझ्या हातावर ठेवून म्हणाले, "राग धरू नका मॅडम. तुमच्या जागी माझी बहीण असती ना, तर..." ते थांबले. मी विचारलं, "तर काय?" त्यांनी प्रामाणिकपणे विचार केला. "तर तिला मी म्हणलो असतो, घर सांभाळ." हिंदीच्या मॅडमनी आपला पेढा खाल्ला नाही, तसाच टेबलावर ठेवला.

दुपारी प्राचार्यांनी बोलावलं. ते खुशीत होते. एखाद्याचं भलं करताना माणूस असतो तसे. "बसा मॅडम. मी तुमच्यासाठी संस्थेशी भांडलो. तुम्हाला तासिकेवर ठेवायचं कबूल करून घेतलंय. तुमचीच सोय होईल. सकाळचा एक आणि शेवटचा एक तास. बाकी तुम्ही मोकळ्या. जाऊन येऊन राहा." मग आठवल्यासारखं करून म्हणाले, "आणि हो, पुढच्या आठवड्यात सरांचा सत्कार ठेवलाय. तेवढी रांगोळी आणि सूत्रसंचालन बघा. बरं, जाता जाता जरा शिपायाला चहाचं..."

जाऊन येऊन राहा. घरात तेच आणि इथंही तेच. माझ्या डोळ्यांपुढं सासूबाई आल्या, पापडाचं पीठ आलं, पंख्याकडं बघणारा दीर आला, आणि वैजापूरच्या स्टँडवर पिशवीला हात घालणारे वडील आले. मला खूप संताप आला होता, पण आवाज चढला नाही.

"चहाचं तुम्हीच सांगा सर," मी म्हटलं. "तासिका मला नको. मी जाते."

प्राचार्य दचकले. हात कपाळाकडं गेला. "अहो मॅडम, असं काय? जाते म्हणू नये. येते म्हणावं."

या माणसानं माझी नोकरी दुसऱ्याला दिली, तेव्हा त्याला काही अभद्र वाटलं नव्हतं. अभद्र वाटलं ते या क्रियापदाचं. दारात शिपाईही थांबला होता, मी शब्द बदलते का ते बघत. दोघांच्याही चेहऱ्यावर खरी काळजी होती, माझ्या नोकरीच्या वेळी जी कुणाच्याही चेहऱ्यावर दिसली नव्हती.

"नाही सर," मी म्हटलं. "जातेच म्हणायचंय मला."

आणि मी गेले.